आत्ताच उठून गेल्यासारखं

१

वर्षातले दोन दिवस आर्मां केनो स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा राहत असे.

सप्टेंबरातल्या त्या शनिवार-रविवारी फ्रान्सभरातली जुनी घरं लोकांना बघायला उघडी ठेवतात. आर्मांची हवेली सरकारने संरक्षित ठरवलेली. म्हणजे छप्पर गळलं तर सरकारने थोडा हातभार लावायचा आणि त्याबदल्यात खिडक्यांना रंग कुठला द्यायचा हे आर्मांला शिकवायचं. शिवाय या दोन दिवशी कुणीही यावं, मान वर करून छताची नक्षी बघावी, 'काय ते दिवस' म्हणावं आणि जावं. "घर माझं, भिंती सरकारच्या आणि गारठा आम्हा दोघांचा," असं आर्मां म्हणायचा. बेझांसोंच्या न्यायालयात सारी हयात कारकुनी केल्यामुळे त्याला असली वाक्यं सुचत, आणि लग्न न केल्यामुळे ती ऐकवायला कुणी नसे.

आदल्या दिवशी तो कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड, प्लास्टिकची बादली आणि विजेची शेगडी उचलून दुसऱ्या मजल्यावर नेई. तळमजला आणि पहिला मजला लोकांसाठी. दुसऱ्या मजल्यावर तो स्वतः राही. तिथे मागच्या बाजूला ओळीने खोल्या होत्या. एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, अशी एका रेषेत दारं. ज्या न्यायाधीशाने अडीचशे वर्षांपूर्वी हे घर बांधलं त्याला बोळ नावाची गोष्ट माहीत नव्हती. कदाचित संकोच नावाचीही नसावी. शेवटची खोली आर्मांची निजायची. तिला एकच दार आणि अंगणावर उघडणारी एकच खिडकी.

या वर्षी मात्र आवराआवरीत त्याचं लक्ष नव्हतं. गेल्या हिवाळ्यात तो दगडी जिन्यावरून घसरला होता आणि उजाडून शेजारीण येईपर्यंत तिथेच पडून होता. तेव्हापासून त्याची थोरली बहीण सोलांज त्याच्या मागे लागली होती. नगरपालिकेला संग्रहालयासाठी हवेली हवी होती. सोलांजच्या दोल गावात, तिच्या शेजारचीच तळमजल्यावरची जागा रिकामी होती. सोमवारी पालिकेला उत्तर द्यायचं होतं.

"तू त्या घराशी लग्न लावलंयस," सोलांज फोनवर म्हणाली. "आणि नवरी तुला खाणार आहे एक दिवस."

"तुझ्या दोलला सिमेंटची खुराडी आहेत."

"खुराड्यात कोंबड्या तरी असतात रे, बोलायला. तुझ्याकडे कोण आहे?"

आर्मांचं उत्तर ठरलेलं होतं. तो इथेच राहणार होता, शेवटपर्यंत. ते सांगायचं धैर्य रविवारी करू, असं त्याने ठरवलं.

२

शनिवारी सकाळी आर्मां खालच्या दरवाजापाशी खुर्ची टाकून बसला होता. दालनांत माहिती सांगायला शहरातल्या वारसा मंडळाच्या स्वयंसेवक बायका होत्या. त्या दर वर्षी येत, दर वर्षी जरा जास्त जोरात बोलत, कारण दर वर्षी त्यांना जरा कमी ऐकू येई.

पोंतार्लिएहून आलेलं एक म्हातारं जोडपं जिना उतरून आलं. बाईंनी आर्मांचा हात हातात घेतला.

"फार छान हो. नाहीतर अशा ठिकाणी नुसते राजे आणि राण्या. इथे माणूस दिसला. ते सूप खिडकीपाशी उभ्याने पीत असत, ते ऐकून मला हसूच आलं. टेबल खराब होऊ नये म्हणून. माझा दीर असाच होता."

आर्मां हसला. मग त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. तो सूप खिडकीपाशी उभ्याने प्यायचा, हे खरं होतं. पण हे त्याने सोलांजलाही कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतंच काय?

"कोण उभ्याने प्यायचं?"

"इथले शेवटचे मालक," म्हातारे गृहस्थ म्हणाले. "वरच्या बाईंनी सांगितलं. उजव्या हाताला इजा झाल्यापासून ते जिना उतरताना डाव्या बाजूचा कठडा धरत, तेही सांगितलं. आता मला सांगा, कुठल्या पुस्तकात असलं सापडतं?"

"वरच्या म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या?"

"त्याच्या वरच्या. करड्या कोटातल्या. आवाज काय गोड आहे त्यांचा."

आर्मांने आपला उजवा हात उघडून पाहिला, मिटून पाहिला. हात ठणठणीत होता. दुसऱ्या मजल्याचा जिना जाड दोरीने बंद केलेला होता. त्याच्या वर त्याच्या घराचं दार होतं, आणि ते त्याने सकाळी स्वतः कुलूप लावून बंद केलं होतं.

३

"मादाम जोस्लँ, दुसऱ्या मजल्यावर कुणाला बसवलंय?"

मादाम जोस्लँ मंडळाच्या अध्यक्षा. त्यांच्या गळ्यात चष्मा, शिट्टी आणि अधिकार या तिन्ही गोष्टी लटकत असत.

"मस्यू केनो, मला पहिल्या मजल्याला माणसं पुरत नाहीत. बेर्नादेतचा गुडघा धरलाय आणि लुसिएन नातवाच्या बारशाला गेलीये. तुमच्या शेगडीजवळ मी कुणाला बसवू?"

"करडा कोट घातलेली कुणी?"

"आमच्यात सगळ्यांचेच कोट आता करडे झालेत."

आर्मां वर गेला. दोरी जागच्या जागी होती. तिच्यावर 'खासगी' असं लिहिलेली पाटी सरळ लटकत होती. दाराला कुलूप होतं. त्याने ते काढलं, आत गेला आणि उभा राहिला.

आधी जाणवला तो वास. बाहेरून आलेल्या पुष्कळ लोकांचा. दमट लोकर, छत्र्या, कुणाचं तरी अत्तर. खाली तसा वास होताच, तो फटींतून वर आला असेल. जुनं घर म्हणजे फटींना एकत्र धरून ठेवण्याची कला, असं आर्मांचे वडील म्हणत.

मग त्याने खोल्या पाहिल्या. काहीही हललं नव्हतं. सगळं जिथल्या तिथे होतं, आणि तीच तर अडचण होती. त्याच्या सपाता पलंगाखाली शेजारी शेजारी, अगदी समांतर होत्या. सकाळी त्याने त्या जिथे पायातून सुटल्या तिथे सोडल्या होत्या. चष्मा उघड्या पुस्तकावर तिरका ठेवलेला, एक काडी मिटलेली. खिडकीच्या कट्ट्यावर सुपाचा वाडगा, त्यात चमचा टेकवलेला. खुर्ची टेबलापासून किंचित वळवलेली.

संग्रहालयात थोर माणसांच्या खोल्या अशा लावतात. माणूस आत्ताच उठून गेलाय, आता येईल, असं वाटावं म्हणून. आणि बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की तो येणार नाही.

आर्मां कोर्टात बसून साक्षीदार ऐकत म्हातारा झाला होता. दोन साक्षीदारांचं एकमत झालं तर त्याचा अर्थ त्यांनी कॉफी एकत्र घेतली, एवढं त्याला कळत होतं. तो स्वतःला म्हणाला, सपाता मीच नीट ठेवल्या असतील, विसरलो. सूप कुणीतरी समोरच्या खिडकीतून पाहिलं असेल. शहर लहान आहे आणि लोकांना उद्योग नाहीत.

त्याने सपाता लाथेने दोन दिशांना उडवल्या, खुर्ची सरळ केली आणि वाडगा पाण्याखाली धरला. मग दाराला कुलूप लावून, ते दोनदा ओढून पाहून, तो खाली आला. येताना पायाखालच्या पायऱ्यांकडे न बघता तो आपण कुठला कठडा धरलाय हे बघत होता. उजवा.

४

दुपारभर माणसं येत राहिली आणि त्यातली काही वरून आल्यासारखी बोलत राहिली. एकीला पलंगावरची निळी चादर आवडली होती. एकाने विचारलं, ते कोर्टात होते म्हणे, मग घरात एकही कायद्याचं पुस्तक कसं नाही? वरचा जिना चढताना जो कुणी दिसेल त्याला अडवायचं, म्हणून आर्मां बराच वेळ दोरीपाशी उभा राहिला. कुणी चढलं नाही. तो दोरीपाशी असतानाही खालून लोक दरवाजाकडे जाताना आपसांत बोलत होते, "शेवटचं दालन राहिलंच बघायचं." "त्या म्हणाल्या ना, ते उद्या तयार होईल."

बंद करायची वेळ झाली. अंगणाचा मोठा दरवाजा, ज्यातून पूर्वी घोडागाडी आत येत असे, तो आर्मां दर वर्षी स्वतः ओढून घेई. लाकूड ओकचं, वजन एखाद्या गायीचं. वारा नव्हता, हे त्याला नंतरही नीट आठवत होतं. त्याने एक झडप ओढली, दुसरीकडे हात टाकला, आणि दुसरी आपली आपण आली.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने पट्टी बांधली. "हाड मोडलेलं दिसत नाही, मस्यू केनो, पण सोमवारी फोटो काढून घ्या. तोवर उजवा हात वापरू नका. जिन्यावर जपून."

"डावीकडचा कठडा धरीन," आर्मां म्हणाला, आणि स्वतःचेच शब्द ऐकून तिथल्या खुर्चीवर बसला.

औषधवाल्याने त्याला पाणी दिलं.

घरी येऊन, दिवे न लावता, खालच्याच दालनातून त्याने सोलांजला फोन केला. "तू उद्या येतेयस ना जेवायला?"

"येतेय. मोर्तोचं सॉसेज आणतेय. तुझ्याकडे बटाटे तरी आहेत का, की तेही संरक्षित आहेत?"

"गाडी घेऊन ये. मी तुझ्याबरोबर येतो. दोलला. पालिकेला हो कळवायचं."



"आर्मां, ताप आहे का तुला?"

"हात चेंगरलाय."

"हात चेंगरल्याने अक्कल येते हे मला ठाऊक असतं तर मी लहानपणीच चेंगरला असता," सोलांज म्हणाली. तिने जास्त काही विचारलं नाही, आणि आर्मांनेही सांगितलं नाही. काय सांगणार? की घरात कुणीतरी माझ्याविषयी भूतकाळात बोलतंय?

त्या रात्री तो वर गेलाच नाही. तळमजल्यावरच्या सोफ्यावर पडला. त्याच्यावर बसायची पाहुण्यांना मनाई होती.

५

रविवारी सकाळी, मादाम जोस्लँ आणि त्यांची फौज यायच्या आत, तो वर जाऊन बॅग भरून आला. सपाता शेजारी शेजारी होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. डाव्या हाताने जमेल तसं भरलं, पण भरलेली बॅग त्या हाताने जिन्यावरून आणवेना. सोलांज आली की दोघं मिळून आणू, म्हणून त्याने ती पलंगाशी ठेवली आणि तो खाली आला.

ऊन पडलं होतं. रांग अंगणातून रस्त्यापर्यंत गेली. आर्मां दरवाजापाशी उभा राहून 'नमस्कार मादाम, नमस्कार मस्यू' म्हणत राहिला. काही लोक उत्तर देत. दुपार होता होता कमी लोक उत्तर देऊ लागले. एका गृहस्थाने तर त्याच्या खांद्याजवळून वाकून भिंतीवरची पाटी वाचली, आणि वाचून झाल्यावर माफीही मागितली नाही. पॅरिसचा असेल, आर्मां मनात म्हणाला.

खाली उतरणारे लोक काल गप्पा मारत होते. आज ते हळू बोलत होते, चर्चमधून बाहेर पडल्यासारखे. एका बाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

"वर काय पाहिलंत?" आर्मांने तिला विचारलं.

"अजून नाही दाखवलं. तयारी चाललीये म्हणाल्या." ती त्याच्याकडे बघून बोलत होती, पण डोळे त्याच्या चेहऱ्यावर ठरत नव्हते, खिडकीतून बाहेर बघताना काचेवर ठरत नाहीत तसे. "आम्ही थांबणार आहोत."

इतक्यात अंगणात भोंगा वाजला. सोलांज आपली छोटी लाल गाडी रांगेतून, लोकांच्या नडग्यांना जवळजवळ घासत, आत घेऊन आली होती.

"मादाम, इथे गाडी आणता येत नाही," मादाम जोस्लँनी शिट्टी हातात घेतली.

"आणली की," सोलांज म्हणाली. "माझे आजोबा बग्गी आणत होते. शिट्टी वाजवा हवं तर, घोडा नाही बुजायचा." मग तिने आर्मांला पाहिलं. "अरे देवा, काय तो चेहरा. बॅग कुठाय?"

आर्मांला इतकं बरं वाटलं की त्याला हसू आलं. ती त्याला बघत होती, रागावत होती, सगळं ठीक होतं. "राहू दे बॅग. चल, निघू."

"राहू दे काय? रक्तदाबाच्या गोळ्या कुठे आहेत?"

"बॅगेत."

"मग आण. त्या जिन्याला माझा इथूनच दंडवत, माझे गुडघे येणार नाहीत. औषधं आणि कोट तेवढा घेऊन ये. मी इंजिन बंद करत नाही, एकदा केलं की ही बया चालू होत नाही."

आर्मांने वर पाहिलं. लखलखीत ऊन, घर माणसांनी भरलेलं, कुणीतरी हसत होतं, अंगणात सोलांज. भुतं अशा वेळी येत नसतात. भुतांनाही काही वेळापत्रक असतं.

तो डाव्या कठड्याला धरून जिना चढला.

६

दोरी होती. कुलूप होतं. पहिली खोली रिकामी, दुसरी रिकामी, तिसरी रिकामी. शेवटच्या खोलीत बॅग पलंगाशी जिथे ठेवली तिथेच होती. त्याने कोट चढवला. पट्टीचा हात बाहीतून जायला वेळ लागला. गोळ्या खिशात टाकल्या. हे सगळं तो भराभर करत होता आणि आपण भराभर करतोय याची त्याला जरा लाज वाटत होती.

तेव्हा पहिल्या खोलीत पावलं वाजली.

पुष्कळ होती. हळू, अदबीने, लाकडी जमिनीला त्रास होऊ नये अशी टाकलेली. आणि त्यांच्यापुढे एक आवाज होता. शब्द कळत नव्हते, पण चाल कळत होती. सांगायचं, थांबायचं, लोकांना बघू द्यायचं, पुढे जायचं. दुसऱ्या खोलीचं दार उघडलं. आवाज खरंच गोड होता.

आर्मां दाराकडे निघाला आणि थांबला. बाहेर जायची वाट त्यांच्यामधूनच होती. समोरून जायचं तर तिच्याकडे बघावं लागणार. इतका वेळ त्याने मनात हजार कारणं दिली होती, फटी, शेजारी, विसराळूपणा. ती सगळी तिचा चेहरा दिसेपर्यंतच टिकणारी होती, हे त्याला आता कळलं. तिचा चेहरा बघायचा नाही, एवढंच त्याला हवं होतं.

तिसरी खोली.

खिडकीपाशी खुर्ची होती. तो दाराकडे पाठ करून तिच्यावर बसला. लोक येतील, बघतील, कुणी म्हातारा बसलाय म्हणून ओशाळतील आणि जातील. हललो नाही तर लवकर जातील. त्याने पट्टीचा हात मांडीवर ठेवला.

दार उघडलं. मागे माणसांची दाटी झाल्याचं त्याला कळलं; लोकरीचा वास, कुणाचा तरी दबका खोकला. कुणी ओशाळलं नाही.

"हे ते दालन," आवाज म्हणाला. "कृपा करून हात लावू नका."

खिडकीची काच जुनी होती, पाण्यासारखी हलणारी. तिच्यात चेहरे होते, एकमेकांच्या खांद्यांवरून बघणारे. त्यांच्यापुढे करड्या रंगाचं काहीतरी उभं होतं, त्याच्या अगदी मागे. एक बाही पुढे आली आणि त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली. संग्रहालयातली माणसं करतात तशी. सवयीने, प्रेमाने, जराही न दचकता.

आर्मांने काचेतून नजर काढली आणि खाली अंगणात पाहिलं. सोलांज गाडीतून उतरली होती. हात कपाळावर धरून ती वर बघत होती. आता हात हलवायचा, असं त्याने ठरवलं. ठरवणं अगदी व्यवस्थित झालं. हात मांडीवर होता.

सोलांजची नजर त्याच्या खिडकीवर आली. तिथून ती पुढच्या खिडकीवर गेली, मग त्याच्या वरच्या दगडी नक्षीवर, मग छपरावर. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू विरली. जुन्या घरांकडे बघताना लोकांच्या चेहऱ्यावर जे हळवं, रिकामं कौतुक येतं, ते तिच्या चेहऱ्यावर आलं. मग ती वळली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

मागे माणसं येत होती आणि जात होती. किती, ते त्याला कळलं नाही. सोलांजचे गुडघे जिना चढणार नाहीत, असं तो स्वतःला सांगत राहिला. मग गर्दीत, अगदी पाठीशी, जिना चढून दमलेला एक ओळखीचा श्वास आला.

"फारच जिवंत वाटतं हो," सोलांज म्हणाली. अनोळखी माणसांशी बोलताना ती जो नीटनेटका, रविवारचा आवाज वापरायची, तो हा होता. "यांना नातेवाईक कुणी नव्हतं का?"

"एक बहीण होती. थोरली. न्यायला आली होती."

"मग? गेले नाहीत?"

"गाडी अंगणात उभी होती," आवाज म्हणाला.

"अगं बाई," सोलांज म्हणाली, आणि हळहळून चुकचुकली.

मग तीही इतरांबरोबर दाराकडे वळली. खाली अंगणात इंजिन चालूच होतं. ते बंद करायला आता तिथे कुणी नव्हतं.